आधी शॉकअप बघा, मग स्प्रिंगचं बोला: सस्पेन्शनबद्दल वाचकांचे प्रश्न

पोलो जीटी, पुंटो अबार्थ, आय२० एन लाइन, अशा जरा तिखट गाड्या असणाऱ्यांचे मेसेज सारखे येत असतात आणि बहुतेकांचं एकच असतं, गाडी खाली बसवायची आहे आणि राइड पण सुधारायची आहे, कोणती स्प्रिंग घेऊ. एकेकाला वेगळं लिहून तेच परत सांगावं लागतं म्हणून या वेळी सगळे एकत्र घेतलेत. एक आधीच सांगतो, मी तुमची गाडी बघितलेली नाही, त्यामुळे इथलं वाचून थेट पार्ट मागवू नका, गाडी लिफ्टवर घेऊन जाणकार माणसाला दाखवा आणि मगच ठरवा.

प्रश्न (पुणे): पोलो जीटी टीएसआय, २०१४ ची, ९२,००० किमी झालेत. ४० मिमी लोअरिंग स्प्रिंग टाकायच्या आहेत. गॅरेजवाला म्हणतो शॉकअप ओरिजिनल आहेत, चांगले आहेत, तेच ठेवू. बोनेट दाबून दाखवलं, गाडी एकदाच वर येऊन थांबली. ताम्हिणीत गाडी जास्त घट्ट चालावी एवढंच हवंय.

नका टाकू. आता कारण सांगतो आणि जरा लांब सांगतो, कारण याच एका गोष्टीपायी चांगल्या गाड्या खराब होताना मी बघतोय.

बोनेट दाबून शॉकअप कळत नाही. हाताने दाबता तेव्हा शॉकअपचा दांडा अगदी हळू हलतो, बुश आणि सीलचं घर्षणच गाडी थांबवायला पुरतं. रस्त्यावर चाक खड्ड्यात जातं तेव्हा तोच दांडा कितीतरी जोरात धावतो, तिथे आतलं तेल आणि व्हॉल्व्ह काम करतायत का हे बोनेट दाबून कसं दिसणार? ९२,००० किमी आपल्या रस्त्यांवर झालेला शॉकअप बाहेरून कोरडा असला तरी आतून थकलेला असू शकतो.

आता स्प्रिंगचं काम काय, तर धक्का साठवायचा. शॉकअपचं काम तो साठवलेला जोर जिरवायचा, त्याची उष्णता करून टाकायची. कंपनीने दोघांची जोडी लावून दिलेली असते. तुम्ही कडक स्प्रिंग टाकली की ती परत उसळताना जास्त जोराने उसळते आणि तिला आवरायला तोच जुना शॉकअप. मग एक्सप्रेसवेवर काँक्रिटच्या जोडांवरून गाडी नाचायला लागते आणि लोक म्हणतात, बघा किती स्पोर्टी झाली. स्पोर्टी वगैरे काही झालेली नसते, टायर रस्त्याला धरून राहत नाहीये म्हणून ती तशी वाटते.

दुसरी गोष्ट जागेची. समजा तुमच्या गाडीत चाकाला वर जायला ८० मिमी जागा आहे. ४० मिमी खाली बसवली की उरली ४०. तोच धक्का अर्ध्या जागेत थांबवायचा तर ढोबळ हिशोबाने स्प्रिंग चौपट कडक हवी, कारण साठणारा जोर दबण्याच्या वर्गाने वाढतो. चौपट कडक लोअरिंग स्प्रिंग कोणी रोजच्या गाडीला विकत नाही, विकली तर तुम्ही दोन दिवसात काढाल. मग उरलेला धक्का जातो बंपस्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबलं की शेवटी अडवणाऱ्या मऊ ठोकळ्यावर. आणि घाटाच्या वळणात, बाहेरचं चाक आधीच दबलेलं असताना मध्ये खड्डा आला की बंपस्टॉप लागतो, त्या एका चाकाचा कडकपणा क्षणात वाढतो आणि टायरची पकड सुटते. पावसाळ्यात ताम्हिणीत हे झालं तर सावरायला जागा नसते.

तिसरं कोणी सांगतच नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. गाडी जास्त खाली आली की लोअर आर्मचं (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांडीचं) चाकाकडचं टोक वर चढतं, मग रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो त्याहून जास्त खाली उतरतो आणि गाडीची झुकायची ओढ उलट वाढते. म्हणजे ज्यासाठी पैसे घातले त्यातलं थोडं तिथेच परत गेलं.

मध्यंतरी एक पोलो आली होती, अशीच खाली बसवलेली. पुढचा स्ट्रट उतरवून डस्ट बूट वर सरकवला तर बंपस्टॉप जागेवर नव्हताच, त्याचा पिवळा चुरा माझ्या हातावर पडला. शॉकअपचा दांडा आत ढकलला तर तो तिथेच राहिला, वर येईना, गॅसचा दाब संपलेला. मालक दीड वर्ष तशीच चालवत होते आणि त्यांची तक्रार काय, तर स्प्रिंग कमी कडक आहेत, अजून कडक मिळतील का.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आधी चारही शॉकअप, बंपस्टॉप, पुढचे टॉप माउंट आणि त्यातलं बेअरिंग, लोअर आर्मची रबरी बुशं, लिंक रॉड, हे सगळं उघडून तपासा. जे गेलंय ते बदला, मूळ उंचीवरच, आणि महिनाभर चालवा. खूप जणांचं समाधान इथेच होतं, कारण गाडी नवी असताना कशी होती हेच ते विसरलेले असतात. तरीही खाली हवी असेल तर २० ते २५ मिमीच्या पुढे जाऊ नका आणि त्या स्प्रिंगसाठीच बनवलेले, कमी लांबीचे शॉकअप जोडीने घ्या. आणि बुश बदलताना एक बघाच, बोल्टचं शेवटचं टाइटिंग गाडीचं वजन चाकांवर असतानाच करायचं. लिफ्टवर चाकं लटकत असताना टाइट केलं की बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. जो गॅरेजवाला याला हसेल त्याच्याकडे सस्पेन्शनचं काम देऊ नका.

प्रश्न (ठाणे): पुढचा डावा शॉकअप गळतोय. एकच बदलला तर चालेल का?

नाही. एका ॲक्सलचे, म्हणजे पुढचे डावा-उजवा दोन्ही बदला.

प्रश्न (कोल्हापूर): स्विफ्ट आहे, गावाकडच्या स्पीडब्रेकरला खाली घासते. स्प्रिंगमध्ये बसवायचे रबरी बफर मिळतात, दुकानदार म्हणतो उंची पण वाढते, राइड मऊ होते आणि शॉकअपचं आयुष्य दुप्पट होतं. खरं का?

उंची वाढते. बाकीचं खोटं आहे, आणि हे खोटं वर्षानुवर्षं विकलं जातंय याचा मला खरंच राग येतो.

बफर दोन वेढ्यांच्या मध्ये बसतो, म्हणजे ते वेढे दबणं बंद. जेवढे वेढे कमी काम करतील तेवढी स्प्रिंग कडक. सहा वेढे काम करत होते आणि एक अडवला तर स्प्रिंग सरळ २० टक्क्यांनी कडक झाली. कडक झालेली स्प्रिंग मऊ राइड कशी देणार? आणि तिचा वाढलेला उसळा कोण आवरणार, तोच शॉकअप. त्याचं आयुष्य वाढायचं कारणच नाही, उलट काम वाढलं. शिवाय बफरशेजारच्या वेढ्यांवर ताण एकवटतो आणि रबर आणि स्प्रिंगच्या मध्ये चिखलपाणी अडकून रंग जातो, गंज धरतो.

स्पीडब्रेकरचं म्हणाल तर नियमातला गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याला स्विफ्ट घासायला नको. गावात रातोरात घातलेला टोकदार उंचवटा वेगळा, तिथे तिरकी आणि हळू घ्यायची. पण आधी कधी घासत नव्हती आणि आता घासते असं असेल तर स्प्रिंग बसलेत किंवा तुटलेत, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेपने मोजा आणि ते आकडे घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

प्रश्न (संभाजीनगर): टायरमध्ये नायट्रोजन भरल्याने सस्पेन्शन मऊ होतं का?

नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. स्टिकरवर लिहिलंय तेवढी हवा, टायर थंड असताना भरा.

प्रश्न (नाशिक): पोलोला १५ इंची चाकं आहेत, १८५/६० (रुंदी १८५ मिमी, टायरची भिंत तिच्या ६० टक्के). १७ इंची अलॉय आणि २०५/४५ टाकले तर हँडलिंग सुधारेल ना?

कोरड्या गुळगुळीत रस्त्यावर स्टिअरिंगला उत्तर जरा लवकर मिळेल. पण टायरची भिंत आत्ता १११ मिमी आहे ती ९२ वर येईल आणि चाक बहुतेक वजनाने जड होईल. स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन वाढलं की शॉकअपला चाक आवरायला जास्त कष्ट पडतात. खड्ड्यात रिम वाकायची शक्यता वाढते ती वेगळीच. नंतरच्या काही पोलोंना कंपनीने १६ इंचावर १९५/५५ दिला होता, त्यात भिंत १०७ मिमी राहते. बदलायचंच असेल तर तिथे थांबा, आणि खरं तर आहे त्याच मापात चांगला टायर घेतलात तर फरक जास्त जाणवेल. टायरवाल्याला लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) विचारा आणि इन्शुरन्सवाल्यालाही आधी विचारा.

प्रश्न (मडगाव): मित्राने ३२ क्लिकचे कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी; क्लिक म्हणजे शॉकअप कडक-मऊ करायचे टप्पे) टाकलेत आणि सगळे क्लिक सगळ्यात कडकवर ठेवलेत, म्हणतो हँडलिंग कडकपणातच असतं. मी पण घेऊ का?

मित्राचं चुकतंय. हँडलिंग म्हणजे चारही टायर रस्त्याला चिकटून राहणं. क्लिक फिरवून स्प्रिंग बदलत नाही, फक्त शॉकअप आवळला जातो, आणि फार आवळला तर चाक खड्ड्यात खाली उतरायच्या आधीच पुढचा उंचवटा येतो, टायर हवेत राहतो. चांगलं सेटिंग नेहमी मधेच कुठेतरी सापडतं, तेही दोन-दोन क्लिकने, त्याच रस्त्यावर परत परत चालवून.

आणि तुम्ही गोव्यात आहात. खारी हवा, चार महिने धो धो पाऊस, कॉइलओव्हरच्या उघड्या आट्यांमध्ये मीठ आणि चिखल बसला की दोन पावसाळ्यात कॉलर जाम होते, मग उंची बदलायची म्हणून घेतलेल्या वस्तूची उंची बदलता येत नाही. दर पावसाळ्याआधी आटे धुऊन, ग्रीस लावून घ्यायची तयारी असेल आणि सेटिंग करून देणारा माणूस जवळपास असेल तरच विचार करा. नाहीतर ठरावीक उंचीचे चांगले शॉकअप घ्या.

प्रश्न (पुणे): एन लाइन अजून वॉरंटीत आहे. लोअरिंग स्प्रिंग टाकू?

वॉरंटी संपेपर्यंत हात लावू नका. घाई असेल तर डीलरकडून आधी लेखी उत्तर घ्या, तोंडी नको.

प्रश्न (सातारा): वळणात गाडी बाहेर सरकते. मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारी आडवी दांडी) बसवायचा आहे, १८ च्या जागी २०. दोन मिमीने काय फरक पडणार असं वाटतं.

पडतो. बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, १८ चा २० केला की साधारण दीडपट. मागचा बार कडक केला की पुढची सरक कमी होते हे खरं, पण ओल्या घाटात वळणात दचकून ॲक्सिलरेटर सोडलात तर मागची बाजू बाहेर यायची शक्यता तेवढीच वाढते. आधी टायर किती जुने आहेत ते बघा, अलाइनमेंट करा, वळणात शिरतानाचा वेग तपासा. त्यानंतरही वाटलं तर तुमच्याच मॉडेलवर हे काम केलेल्या माणसाशी बोला.

प्रश्न (नागपूर): हे सगळं कायदेशीर आहे का? गॅरेजवाले म्हणतात कोणी विचारत नाही.

कोणी विचारत नाही हे अपघात होईपर्यंत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे परत ठासून सांगितलंय. त्याच दर्जाचा शॉकअप मूळ उंचीवर बदलणं ही दुरुस्ती झाली, गाडी खाली बसवणं वेगळं. आरटीओला आणि इन्शुरन्स कंपनीला विचारून घ्या, लेखी.

प्रश्न (चिंचवड): पुंटो अबार्थ आहे, मूळ शॉकअप मिळत नाहीत. एक जण तेल भरून रिपेअर करून देतो. करू का?

भोक पाडून तेल भरून परत वेल्ड मारणार असेल तर अजिबात नको. खरी रिबिल्ड वेगळी, त्यात सील, तेल, गॅस सगळं नवीन होतं आणि चारही शॉकअप मशीनवर तपासून त्याचा ग्राफ देतात. ग्राफ मागा. देत नसेल तर काम देऊ नका.

प्रश्न (रत्नागिरी): सहा महिन्यांपासून पुढून खडखड येते, ब्रेक मारला की टक्क होतं. गॅरेजवाला म्हणाला, या गाड्यांना असतंच. आता परफॉर्मन्स सस्पेन्शन टाकणारच आहे, तेव्हा एकदमच बघू असं ठरवलंय. चालेल ना?

नाही चालणार. सहा महिने थांबलात हेच जास्त झालं. ब्रेक मारताना टक्क होतं म्हणजे लोअर आर्मचं मागचं बुश फाटलेलं असू शकतं किंवा बॉल जॉइंट (लोअर आर्म चाकाला जोडणारा गोल सांधा) ढिला असू शकतो, आणि बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं, स्टिअरिंग हातात असून उपयोग नसतो. कुठल्याही गाडीला हे "असतंच" असं नसतं. तपासायला फार वेळ लागत नाही. गाडी वर घेऊन चाक वरखाली आणि डावंउजवं हलवायचं, आणि पट्टीने आर्म उचकटून बघायचा. नव्या सस्पेन्शनचं नंतर बघू. उद्या सकाळी, घाट न ओलांडता, जवळच्या वर्कशॉपला हळू घेऊन जा, आणि रस्त्यात आवाज वाढला तर तिथेच थांबून टोइंग बोलवा.