गळ ओळखायला शीक

काल रात्री दोन वाजेपर्यंत तू त्या माणसाला पुरावे देत बसलास. ओळी तुझ्या चाळीस, त्याच्या दोन. तो ट्रोल आहे, म्हणजे ऑनलाइन नुसता डिवचायला आलाय, हे तिथेच ओळखायचं होतंस. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत नेणं, यालाही इंग्रजीत ट्रोलिंगच म्हणतात. १९९०च्या दशकात यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरची मुरलेली मंडळी मुद्दाम एखादा घासून गुळगुळीत झालेला प्रश्न टाकायची आणि कोण नवखा गळाला लागतो ते बघायची. तेव्हा ती थट्टा होती.

खरा विरोधक चिडला तरी मुद्द्यावर राहतो. ट्रोलला उत्तर मिळालं की तो विषय बदलतो: आधी शिवाजी महाराजांचा जन्म १६२७चा की १६३०चा, मग तुझं शुद्धलेखन, मग थेट तुझी जात. ‘मी फक्त विचारतोय’ हे पालुपद असतंच. पण शिवी देणारा प्रत्येक जण ट्रोल नसतो, आणि गोड बोलणारा असू शकतो. (एका खऱ्या जिज्ञासूला मी ट्रोल समजून हाकललंय. अजून लाज वाटते.) म्हणून एकदा सरळ उत्तर दे. तोच प्रश्न फिरून आला तर गप्प बस. धमकी आली तर आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक.