ओढ्यातील नायट्रेट शेणखताचे की रासायनिक खताचे, हे एका नमुन्यावरून ठरवता येईल का?

शेतजमिनीतून वाहणाऱ्या ओढ्यात नायट्रेट वाढले आहे, एका नमुन्याच्या समस्थानिक तपासणीत (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या आणि जड अणूंचे प्रमाण मोजणाऱ्या तपासणीत) नायट्रोजन-15 या जड नायट्रोजनचे मूल्य दर हजारी अधिक 11, म्हणजे हवेतील प्रमाणापेक्षा हजारी 11 ने जास्त, आले आहे, आणि त्यावरून दोष शेणखताचा धरावा का, असे तुम्ही विचारले आहे. एवढ्या आधारावर तसा निष्कर्ष काढता येणार नाही.

हा आकडा शेणखताकडे बोट का दाखवतो, ते आधी पाहू. रासायनिक खतातील नत्र हवेतूनच घेतलेले असल्यामुळे त्याचे मूल्य शून्याच्या आसपास, साधारण उणे 4 ते अधिक 4, असते. शेण-मूत्रातून अमोनिया उडून जाताना हलका नत्र आधी निघून जातो आणि जड मागे राहतो, म्हणून शेणखत किंवा मैलापाणी यांतून आलेल्या नायट्रेटचे मूल्य बहुधा 10 ते 20 च्या दरम्यान सापडते. परंतु जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही अशा ओल्या मातीत जीवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात, आणि तेही हलके रेणू आधी वापरतात. त्यामुळे रासायनिक खतातून निघालेले नायट्रेटसुद्धा वाटेत झिजत झिजत 11 पर्यंत चढू शकते. हे घडले आहे का, हे ओळखण्यासाठी त्याच नायट्रेटमधील ऑक्सिजन-18, म्हणजे जड ऑक्सिजन, मोजावा लागतो. नायट्रोजनचे मूल्य जितके चढले त्याच्या निम्म्यापासून जवळजवळ तितक्याच प्रमाणापर्यंत ऑक्सिजनचेही चढत असेल आणि सोबत नायट्रेटचे प्रमाण उतरत असेल, तर ती झीज आहे. असा कल एका नमुन्यात दिसत नाही. त्यासाठी ओढ्याच्या वेगवेगळ्या ठिकाणचे आणि वेगवेगळ्या वेळचे नमुने लागतात. शेणखत आणि माणसांचे मैलापाणी यांत तर ही तपासणी भेद करूच शकत नाही. तिथे सुक्रालोजसारखे कृत्रिम गोडवे किंवा कार्बामाझेपिनसारखे औषध, म्हणजे माणसांच्या वापरातून येणारे पदार्थ, पाण्यात आढळतात का, हे पाहणे जास्त उपयोगी ठरते.

तरीही माझा आग्रह असा आहे की, नायट्रेट कशाचे हा प्रश्न दुसरा. ते ओढ्यात कुठे शिरते हा पहिला. पाऊस थांबून बरेच दिवस झाल्यावर, एकाच दिवशी, ओढ्याच्या कडेने चालत जा आणि प्रत्येक उपओढ्याच्या, निचरा नळीच्या व झऱ्याच्या वर आणि खाली नमुना घ्या, पण त्याबरोबर प्रवाहही मोजा, कारण नुसत्या प्रमाणावरून नायट्रेटचा भार कळत नाही. समजा, ओढ्यात सेकंदाला 20 लिटर पाणी आहे आणि लिटरमागे 8 मिलिग्रॅम नायट्रेट आहे. म्हणजे भार सेकंदाला 160 मिलिग्रॅम. त्याला निचरा नळीचे 3 लिटर पाणी 30 च्या प्रमाणाने मिळते, म्हणजे आणखी 90. खाली 23 लिटर आणि 250 मिलिग्रॅम असायला हवेत. प्रत्यक्षात 25 लिटर आणि 14 चे प्रमाण, म्हणजे 350 मिलिग्रॅम, भरले. मग जास्तीचे 100 मिलिग्रॅम त्या 2 लिटर पाण्यातून आले, जे डोळ्यांना कुठेच दिसले नाही आणि ज्याचे प्रमाण 50 आहे. ते बहुधा तळातून झिरपणारे भूजल असते. समस्थानिक तपासणीचा खर्च अशा ठिकाणी करावा. (प्रयोगशाळेचा आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधील नत्राचा, हे आवर्जून विचारा, दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक असतो.)

पावसातले वर्तनही पुष्कळ सांगते. पूर चढताना नायट्रेटचे प्रमाण घसरत असेल, तर बहुतेक पुरवठा भूजलाचा किंवा सतत वाहणाऱ्या सांडपाण्याचा असून पावसाचे पाणी तो पातळ करत आहे. उलट ते चढत असेल, तर वरच्या मातीत साठलेले नायट्रेट धुऊन येत आहे.

पुरवठा भूजलाचा निघाला, तर काळाचा विचार करावाच लागतो. शेतात मुरलेले पाणी ओढ्यापर्यंत येण्यास काही ठिकाणी महिने लागतात, तर काही ठिकाणी कित्येक दशके. म्हणून गेल्या वर्षी खत कमी करूनही ओढ्यातले नायट्रेट उतरले नाही, एवढ्यावरून खत निर्दोष ठरवू नये; शक्य असल्यास झऱ्याच्या पाण्यातील ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) तपासून त्या पाण्याचे वय काढावे आणि त्या काळी वरच्या शेतांत काय पेरले जात होते व किती खत पडत होते, याची माहिती तिथल्या शेतकऱ्यांकडून घ्यावी.