दोनशे सिनेमांचा पण अन् दारात आलेली सुगी

प्रश्न : नमस्कार दादा. मी औसा तालुक्यातला, शेती करतो. एक जानेवारीला मित्रांपुढं छाती ठोकून सांगितलं की यंदा २०० सिनेमे बघणार अन् प्रत्येकावर एक पान लिहिणार. दोनशेपानी वही बी आणली. आता ऑगस्ट संपायलाय अन् वहीत ६१ सिनेमे. बॅकलॉग काढायला मोबाईलवर दीडच्या स्पीडनं बघायलोय, दोन दिवसात पाच उरकले, पण लिहायला बसलं की कोण कुणाचा भाऊ होता तेच आठवंना. पुढं सोयाबीनची काढणी हाय. मित्र रोज आकडा विचारून चिडवायलेत. हा २०० चा पण सोडू का स्पीड अजून वाढवू?

उत्तर : भाऊ, आधी हिशोब. २०० मधून ६१ गेले, राहिले १३९. सप्टेंबर ते डिसेंबर दिवस १२२. म्हणजे रोज एक बघितला तरी १७ उरतेतच, अन् त्यात तुमची काढणी, हडंब्याची (मळणी यंत्राची) वाट बघत बसणं, आडतीवरचा नंबर, मग हरभऱ्याची पेरणी, मधी दिवाळी. हे होणार नाही. गणितात बसतच नाही तर लाज कसली.

स्पीडचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. तुम्ही ‘सैराट’ बघितलाच असेल, २०१६ चा, जवळजवळ तीन तासांचा. अर्धा सिनेमा थिएटरात पोरं खुर्च्या सोडून नाचायची अन् शेवटी दिग्दर्शकानं आवाजच काढून टाकला, ते लेकरू चालतंय, कुठं गाणं नाही काही नाही, अन् तीच नाचणारी पोरं गपगार. आता हा शेवट दीडच्या स्पीडनं बघून तुम्ही काय कमवणार, थोडे सेकंद? संवाद पळवला तर एकवेळ समजतो तरी, पण कुणी गप्प बसलंय ते पळवलं की ती नुसती घाई दिसते. तुम्हाला आठवंना त्याचं कारण मेंदू नाही, हे आहे.

आम्ही लहानपणी माळेगावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा बघायचो, खाली माती, मधीच रीळ तुटायची, शिट्ट्या. वर्षाला एखादाच बघायला मिळायचा पण तो पुढच्या जत्रेपर्यंत पुरवायचो. ढोरं वळताना, विहिरीवर, शाळेच्या मागं, त्याच त्या मारामारीची चर्चा, अन् दर वेळी हीरो एक माणूस जास्त मारायचा. कागदावर एक ओळ लिहिली नाही कुणी. (तुमच्या २०० च्या वहीसमोर हे सांगणं जरा आगाऊपणा आहे, माहितीये.)

तर आता करायचं असं. आकडा १०० करा, मित्रांना आजच सांगून टाका म्हणजे चिडवायचा विषयच संपतो. ३९ राहतेत, साधारण तीन दिवसाला एक. काढणीच्या पंधरवड्यात एकही बघू नका, उगं डोळ्यावर झापड घेऊन बघितलेला सिनेमा मोजायचा तरी कसा. अन् लिहायचं त्याच रात्री, झोपायच्या आधी, पाच ओळी झाल्या तरी बास, हात चालत नसला तर मोबाईलमधी बोलून ठेवा. ते पळवलेले पाच? वहीतून काट मारा, ३९ चे ४४ झाले तरी चालतंय. एखादा खरंच चांगला वाटला असेल तर सावकाश परत बघा अन् तेव्हा धरा.

प्रश्न : सर, मी नांदेडला कॉलेजला आहे, माझं टार्गेट १५०. शॉर्टफिल्म मोजू का? आणि माझे सगळे रिव्ह्यू सेम होतात, ‘अप्रतिम अभिनय, उत्तम छायाचित्रण, नक्की बघा’.

उत्तर : ऑस्करवाले ४० मिनिटांपेक्षा मोठा तो पूर्ण लांबीचा सिनेमा धरतात, तीच रेघ तू पण मार. अर्थात या रेघेची गंमत अशी की फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’च साधारण ४० मिनिटांचा, म्हणजे आपला सगळा धंदा ज्याच्यापासून सुरू झाला तोच उंबऱ्यावर उभा. आणि जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराय’ २०७ मिनिटांचा, तो पण एकच धरायचा. शॉर्टफिल्मची वेगळी यादी कर ना, कुणी अडवलंय.

रिव्ह्यूचं सांगतो. ‘अप्रतिम’ हा शब्द एक महिना बंद. स्टोरी दोन ओळीत संपव, ती सगळीकडं मिळते. मग एकच सीन धर अन् त्यात तुला काय दिसलं ते लिही, कुणी कुठं बघितलं, कुठं तू मोबाईल हातात घेतलास ते पण लिही कारण कंटाळा कुठं आला हे कळलं की अर्धा रिव्ह्यू झाला. जानेवारीच्या आसपास छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ फिल्म फेस्टिव्हल असतो, जमलं तर जाऊन ये. पण तिथं दिवसात चार बघून आकडा फुगवायचा मोह होतो, दोन बघ अन् मधल्या वेळेत बाहेर चहा पीत लोकं काय बोलतेत ते ऐक.

प्रश्न : मी परभणीची, वर्षात ५२ सिनेमे ठरवलेत, आठवड्याला एक. सासूबाई शेजारी बसतात. परवा प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला तर जिजाई देवळात जाऊन पांडुरंगालाच जोडा दाखवते तिथं त्या म्हणाल्या, ‘बरं केलं बाई, घरात दाणा नाही अन् ह्याचं भजन’. मी दीड पान लिहिलं, १९३६ साल, व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला १९३७ साली झालेलं कौतुक वगैरे, पण त्यांच्या एका वाक्यापुढं माझं फिकं वाटायलंय. त्यांचं वाक्य घेतलं तर चीटिंग होईल का?

उत्तर : ताई, कसली चीटिंग! सासूबाईंचं वाक्य सगळ्यात वर लिहा, त्यांच्याच शब्दात, ‘दाणा’चं ‘धान्य’ करू नका. दीड पानातलं पाऊण पान उडवा, व्हेनिस राहू द्या एका ओळीत. बहुतेक जण त्या सिनेमातला तुकारामच बघतात, विष्णुपंत पागनीस आहेतच तसे, पण जिजाईच्या बाजूनं बघणारं माणूस तुमच्या घरात सोफ्यावर बसलंय. पुढचा सिनेमा त्यांना निवडू द्या. फक्त त्यांनी मालिकेचा दोन तासांचा महाएपिसोड निवडला तर तो बघा गुपचूप, पण ५२ त धरू नका.