खुब्याचा सांधा बदलण्यापूर्वी घर तयार ठेवा

काका, आपल्या शस्त्रक्रियेची तारीख ठरल्याचे कळले, म्हणून स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करतात. त्याची धास्ती घेऊ नका. खरी कसोटी घरी लागते. नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या जुन्या घरांत उकिडवे बसण्याचे शौचालय आणि बसका दिवाण असतो, आणि सांध्याच्या मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असल्यास खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणे, पायावर पाय टाकणे किंवा पाऊल आत वळवणे सुरुवातीचे काही आठवडे टाळावे लागते, अन्यथा सांधा निखळण्याचा धोका असतो. म्हणून उंच कमोड आणि हातांची टणक खुर्ची आधीच आणून ठेवा. माझी चप्पल एकदा पलंगाखाली सरकली आणि मी सवयीने वाकू लागलो, तेव्हा मुलीने खांदा धरून थांबवले. त्यानंतर लांब दांड्याचा चिमटा कायम उशाशी असे.

जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना शस्त्रक्रियेचा. पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी चालण्याचा हट्ट नको. पहाटे अंगणातच फेऱ्या मारा, आणि फुटाळा तलावावर फिरायला जायचे ते फिजिओथेरपिस्टने होकार दिल्यावरच.