वाचकांचे प्रश्न : लिहिण्यासाठी एकच विषय धरावा का?

प्रश्न : गेली काही वर्षे मी गच्चीवरच्या बागेविषयी मराठीतून ऑनलाइन लिहीत आहे. सुरुवातीला कुंड्या, माती आणि ओल्या कचऱ्याचे खत एवढेच विषय असत. पुढे बागेतल्या भाज्यांच्या पाककृती आल्या, मग पेठांमधल्या जुन्या वाड्यांवर लिहिले आणि अलीकडे वाचलेल्या पुस्तकांवरही काही टिपणे झाली. ऑनलाइन लेखनाचे वर्ग घेणाऱ्या एका परिचितांनी सांगितले, की एकच ‘नीश’, म्हणजे ठरावीक मर्यादित विषय, धरा आणि बाकीचे सगळे काढून टाका, नाहीतर गूगल तुम्हाला विचारणार नाही. नेहमी वाचणाऱ्या मैत्रिणींना मात्र वाड्यांवरचाच लेख सर्वांत आवडला. मी कोणाचे ऐकावे? लेखनातून थोडीफार मिळकत व्हावी, अशीही इच्छा आहे.
— एक वाचिका, सहकारनगर, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. लिहिणाऱ्या माणसाने स्वतःला एकाच विषयाशी बांधून घ्यावे का, हा एक प्रश्न. आणि एका ठिकाणी एकाच प्रकारचे लेखन असावे का, हा दुसरा. पहिल्याला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, दुसऱ्याला बव्हंशी ‘होय’ असे. तुमच्या परिचितांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यालाही लावले, म्हणून तो सल्ला तुम्हाला जाचक वाटत असावा.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी आपले लेखन स्वतःच तपासून पाहावे म्हणून गूगलने जी प्रश्नावली दिली आहे, तिच्यात ‘तुमच्या स्थळाला काही मुख्य हेतू किंवा रोख आहे का’ असा प्रश्न आहे. आणि काहीतरी शोधात वर येईल या आशेने तुम्ही निरनिराळ्या विषयांवर भाराभर मजकूर तयार करता का, असाही आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलच्या शोधात उपयुक्त मजकुरासंबंधीचा बदल झाला, तेव्हापासून ऑनलाइन लिहिणाऱ्यांमध्ये या प्रश्नांची चर्चा वाढली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये गूगलने मजकूर पारखण्याच्या निकषांत लिहिणाऱ्याच्या प्रत्यक्ष अनुभवाची भर घातली. ज्या व्यक्तीने स्वतः माती कालवली आहे, खताचा ड्रम उपसला आहे आणि मिलीबगने खाल्लेली जास्वंद वाचवली आहे, तिच्या दृष्टीने ही भर हिताचीच आहे. शिवाय त्या प्रश्नावलीचा आक्षेप आशेपोटी केलेल्या भाराभर लेखनावर आहे. एका व्यक्तीला दोन-तीन विषयांत रस असण्यावर तो नाही, आणि ‘बाकीचे सगळे काढून टाका’ असा अर्थ तिच्यातून निघत नाही.

यापुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे वाचक तुमच्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो. शोधातून येणारा वाचक रात्री दहा वाजता मोबाइलवर ‘गुलाबाच्या कळ्या का गळतात’ असे लिहितो. तुम्ही कोण आहात हे त्याला ठाऊक नसते आणि त्याची त्याला गरजही नसते. कळ्या गळण्याचे कारण मिळाले, त्याच पानावर मावा पडला तर काय करावे आणि छाटणी कधी करावी याचेही लेख दिसले, तर तो आणखी दोन पाने वाचतो आणि पुढच्या अडचणीला परत येतो. त्याच जागी पुस्तकाचे परीक्षण दिसले, तर त्याचे त्याच्याकडे लक्षही जात नाही. तुमच्या मैत्रिणींचे तसे नाही. त्या व्हॉट्सॲपवर आलेली तुमची लिंक तुमच्या नावासाठी उघडतात आणि तुम्ही उद्या पावसावर लिहिले तरी वाचतील. तुमचे परिचित पहिल्या प्रकारच्या वाचकाचा विचार करून बोलत आहेत आणि मैत्रिणी स्वतःचे सांगत आहेत. दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. म्हणून कोणाचे ऐकावे हे ठरवण्याआधी तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण शोधातून येतात आणि किती जण तुमचे नाव पाहून, हे आकडे एकदा पाहून घ्या. सर्च कन्सोल हे गूगलचे साधन आणि स्थळाची आकडेवारी यांतून ते सहज कळते.

हा पेच इंटरनेटने निर्माण केलेला नाही. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली, तेव्हा तिचा आवाका कारखाना, त्याची अवजारे आणि त्याचे ग्राहक एवढाच होता. पुढे तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि विषयांचा पैस वाढत गेला. संपादक शंकरराव किर्लोस्करांच्या मनात स्त्रियांच्या प्रश्नांविषयी आणि तरुणांविषयी सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण ते सगळे त्यांनी एकाच अंकात कोंबले नाही. १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. माणसे तीच आणि छापखाना तोच होता, मात्र प्रत्येक मासिक हाती घेणाऱ्याला आत काय मिळणार हे मुखपृष्ठ पाहूनच कळत असे. दुसऱ्या टोकाला र. धों. कर्वे दिसतात. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि संततिनियमन व लैंगिक शिक्षण या विषयांची कास सोडली नाही. त्यासाठी आर्थिक झळ सोसली, खटलेही अंगावर घेतले. एका विषयाला आयुष्य वाहावे ते असे, आतून ओढ असेल तेव्हा. कोणीतरी मिळकतीचे गणित मांडून दाखवले म्हणून धरलेला विषय पहिल्या कोरड्या वर्षातच हातून सुटतो, असे मी अनेक नव्या लेखकांच्या बाबतीत पाहिले आहे.

आता तुमच्या चार विषयांकडे वळतो. पाककृती बागेच्याच ठिकाणी राहू द्या, मात्र त्या तुमच्या कुंडीतल्या भाजीच्या असाव्यात. अळू, शेवग्याचा पाला किंवा अंबाडी घरी लावणाऱ्याला तिचे पुढे काय करायचे हेही हवेच असते. पनीरच्या भाजीची कृती तेथे नको. पुस्तकांवरची टिपणे दुसरीकडे न्या. ती वाचणारा वेगळा आहे आणि तो तुमच्या बागेच्या पानावर चुकूनही येणार नाही.

वाड्यांविषयी निर्णय करणे सोपे नाही. त्या लेखातले नेमके काय आवडले, हे मैत्रिणींना विचारा. चौकातला हौद, परसातला आड, प्राजक्त, तुळशीवृंदावनाभोवतीची जागा यांचे वर्णन त्यांच्या लक्षात राहिले असेल, तर तो लेख बाग करणाऱ्या माणसाच्या नजरेतून लिहिला गेला आहे आणि तो बागेच्याच ठिकाणी शोभतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बंदिस्त नळाने, केवळ उताराच्या जोरावर, शहरातल्या हौदांपर्यंत आणि शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले गेले. फडके हौदासारखी नावे आजही पत्त्यांत आहेत. गच्चीवर बादलीने पाणी वाहून नेणाऱ्या पुणेकराला, पाणीकपातीच्या दिवसांत, या योजनेवर एक चांगला लेख नक्की वाचावासा वाटेल. पण तुमचा ओढा कारभाऱ्यांच्या घराण्यांकडे, लाकडी कोरीवकामाकडे, वाड्यांच्या मालकीच्या इतिहासाकडे असेल, तर त्यासाठी वेगळी जागा करा आणि तेथे मनसोक्त लिहा. दोन्हीकडे नाव तुमचेच राहू द्या आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणाचा उल्लेख आवर्जून करा. काढून मात्र काहीच टाकू नका. लेख नव्या जागी नेला, तर जुना पत्ता नव्याकडे रीडायरेक्ट करून घ्या, म्हणजे इतरांनी दिलेले दुवे मरत नाहीत.

बागेचा विषय मी तर आणखी आवळीन आणि पुण्यापुरता करीन. मराठीत बागेवरचे पुष्कळसे लेखन कोणत्याही गावाला लागू पडेल असे मोघम असते. कोकणात चालणारे पाण्याचे प्रमाण पुण्याच्या एप्रिलमध्ये चालत नाही, नागपूरच्या उन्हाळ्यात टिकणारी सोय येथे लागत नाही. जूनच्या पहिल्या सरींनंतर दोडका आणि काकडी, ऑक्टोबरचे ऊन ओसरल्यावर मेथी, पालक आणि कोथिंबीर, जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन पाहून आल्यावर सगळ्यांकडून होणारी गुलाबांची खरेदी आणि त्यानंतर महिनाभरात येणारी कलमे सुकल्याची तक्रार, असे वर्षभराचे प्रश्न मांडा. कोणतेही पुस्तक न उघडता असे चाळीस प्रश्न कागदावर उतरले, तर विषय पुरेसा आहे असे समजा.

मिळकतीबद्दल स्पष्ट लिहितो. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख लोक होते, तेव्हा वाचकांची वाण नाही. परंतु मराठी मजकुरावरच्या जाहिरातींना इंग्रजीच्या मानाने कमी दर मिळतो आणि नेमक्या विषयावरचा वाचकवर्ग लहान असतो. नुसत्या जाहिरातींवर भिस्त ठेवली तर निराशा होईल. नेमक्या विषयातून येणारा पैसा बहुधा लेखाबाहेर असतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी आली आहे आणि गांडूळखत प्रकल्पासारख्या सोयी असणाऱ्या मालमत्तांना पुणे महापालिकेच्या करात सवलतही आहे. सोसायटीच्या समितीला खताच्या ड्रमला वास का येतो, अळ्या झाल्या तर काय करायचे, सुका पालापाचोळा किती घालायचा, हे प्रत्यक्ष दाखवणारे माणूस हवे असते. खतावरचे तुमचे आठ-दहा लेख सुसंगत असतील, तर असे बोलावणे तुम्हाला येऊ शकते, आणि एका कार्यशाळेचे मानधन जाहिरातींच्या कित्येक महिन्यांच्या मिळकतीहून अधिक असू शकते. एका ठिकाणी एक विषय ठेवण्याचा आर्थिक फायदा मला येथे सर्वांत ठळक दिसतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. शेअर बाजार या विषयाला ऑनलाइन सर्वाधिक पैसे मिळतात असे ऐकले. तोच विषय निवडून लिहू का?
— एक विद्यार्थी, कर्वेनगर, पुणे

उत्तर : नको. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक मंडळाकडे, नोंदणी केल्याशिवाय मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देता येत नाही. त्यासाठी २०१३ चे गुंतवणूक सल्लागारांविषयीचे विनियम आहेत आणि समाजमाध्यमांवरून टिप्स देणाऱ्यांवर अलीकडे सेबीने कडक पावले उचलली आहेत. पैसा आणि आरोग्य या विषयांवरच्या मजकुराला शोधयंत्रेही अधिक काटेकोर कसोटी लावतात. वाचकाची बचत तुमच्या वाक्यावर पणाला लागणार असेल, तर तुमच्यापाशी तेवढे ज्ञान हवे, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यापाशी ते असणे कठीण आहे.

तुम्ही नुकतेच ज्यातून गेला आहात ते तुम्हाला चांगले ठाऊक आहे : एमएचटी-सीईटी, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या, पसंतिक्रम भरताना होणाऱ्या चुका, जातवैधता प्रमाणपत्रासाठी होणारी धावपळ. तालुक्याच्या गावातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना हे नीट मराठीत समजावून सांगणारे थोडे आहेत आणि हे काम मला फार मोलाचे वाटते. त्यातली अडचण एवढीच, की तुमचा वाचक दरवर्षी बदलेल. प्रवेश मिळाला की तो निघून जाईल. त्यामुळे प्रवेशाच्या जोडीला पहिल्या वर्षाचा अभ्यास, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचे अर्ज हे विषयही त्याच ठिकाणी घ्या, म्हणजे आलेला विद्यार्थी आणखी एखादे वर्ष तुमच्याबरोबर राहील. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून प्रत्येक लेखावर तो कोणत्या शैक्षणिक वर्षासाठी आहे हे ठळक लिहा आणि नवी माहितीपुस्तिका आली की जुन्या लेखाच्या माथ्यावर तशी सूचना लावा.