फियाटच्या कुलुपावर किती खर्च करायचा?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका वाचकांचं मोठं पत्र आलं आहे. त्यांच्या वडिलांची १९७१ सालची फियाट ११०० डी आहे, चालू स्थितीत. वडील दीड वर्षापूर्वी गेले. वाचक सातपूरच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले आहेत. पेन्शन जेमतेम, एफडी सगळ्या मिळून २२ लाखांच्या. पुढच्या वर्षी बंगला पाडून तिथे इमारत उभी राहणार आणि अडीच वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढायची आहेत. त्यातच गेल्या महिन्यात रात्री कोणीतरी कंपाउंडमध्ये शिरून गाडीची समोरची जाळी, चारही व्हील कॅप आणि बॅटरी नेली. जाताना पुढच्या दाराची त्रिकोणी काचही उचकटून ठेवली. आता गिरणाऱ्याजवळ शेतात पक्कं गॅरेज बांधायचं (४ लाख ८० हजार) आणि वर अलार्म, जीपीएस, कॅमेरे बसवायचे (६८ हजार) असा त्यांचा विचार आहे. ते विचारतात, त्यासाठी ६ लाखांची एफडी मोडू का? भाऊ म्हणतो विकून मोकळा हो, एका रॅलीत एकाने ५ लाख देऊ केले होते.

आधी उत्तर देतो. एफडी मोडू नका, गॅरेज बांधू नका. गाडीला बंद दाराआड मात्र नक्की न्या, आणि तेही बंगला पाडायची वाट न बघता.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं येऊन गेलं आहे. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली: ‘आरसी अजून बाबांच्याच नावावर आहे, विमा मी दरवर्षी ऑनलाइन भरतो, ४,०३१ रुपये.’ हा आकडा ओळखीचा आहे. हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी विम्याचा जून २०२२ पासूनचा दर ३,४१६ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की बरोबर ४,०३१ होतात. म्हणजे तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी आहे. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ती पॉलिसी उभी राहील, पण उद्या अख्खी फियाट टो करून नेली तर एक रुपयाही मिळणार नाही. इतकी वर्षं तुम्ही ‘विमा आहे’ या समजात होतात. असे वाचक पुष्कळ भेटतात.

त्यात नावाचा घोळ. मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. विमा पॉलिसीही मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढीच टिकते. तुमच्या वडिलांना जाऊन तर दीड वर्ष झालं. दंड आणि हेलपाटे होतील ते होऊ द्या, पण पेठ रोडच्या आरटीओची वारी आधी करा. भावाचं ना हरकतीचं प्रतिज्ञापत्र लागेल. तो विकायचा आग्रह धरतोय, तेव्हा ही सही मागताना पैशाचं बोलणंही त्याच बैठकीत उरका.

रजिस्ट्रेशनची मुदतही तपासा. ती संपलेली असेल तर चांगली पॉलिसीही कुचकामी ठरू शकते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने असंच एक प्रकरण निकाली काढलं. चोरीला गेलेल्या बोलेरोचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन संपलेलं होतं, आणि विमा कंपनीने दावा नाकारला तो न्यायालयाने योग्य ठरवला. चोराला रजिस्ट्रेशनशी काही घेणं-देणं नव्हतं, तरीही.

इथे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार. तुमचा जुना तीन अक्षरी नंबरही राहतो, आणि थर्ड पार्टीचा हप्ता निम्मा होतो. साध्या नूतनीकरणाची फी २० वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झाली आहे. ते दर ५ वर्षांनी करावं लागतं आणि पर्यावरण कर वेगळा. म्हणजे पहिल्या १० वर्षांत दोन्हीकडे फी सारखीच. फरक वापरात आहे. व्हिंटेज गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्ही लिहिता की दसऱ्याला गाडी सजवून घरच्यांना त्र्यंबकेश्वरला नेता. ते सोडायची तयारी नसेल तर साधं नूतनीकरणच बरं. इंजिन कधी बदललं असेल तर आधी आरसीवरचा इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. जुळत नसेल तर दोन्ही वाटा अडतील.

कागद नीट झाले की विम्याच्या शाखेत जा. ऑनलाइन फॉर्मवर पन्नास वर्षांच्या गाडीला पॅकेज पॉलिसी, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरीही धरणारी, बहुधा मिळतच नाही, आणि मिळालीच तर गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, भंगाराच्या भावात दाखवतात. ५ वर्षांवरच्या मोटारीची आयडीव्ही कंपनी आणि ग्राहक यांनी परस्पर ठरवायची असते. तेव्हा परवानाधारक सर्व्हेयरकडून मूल्यांकन करून घ्या आणि तो कागद घेऊनच बोला. तुमच्या एजंटने ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ची, म्हणजे आधीच ठरलेली पूर्ण रक्कम मिळण्याची, हमी दिली आहे म्हणता. मोटार विम्याच्या जुन्या दर-नियमावलीत (टॅरिफ) ती सोय १९४० पूर्वीच्या, प्रमाणपत्र असलेल्या व्हिंटेज मोटारींपुरतीच होती. तोंडी हमीवर जाऊ नका, पॉलिसीवर छापलेला आकडा बघा. पॅकेज मिळतच नसेल तर थर्ड पार्टीसोबत फक्त आग आणि चोरीचं संरक्षण मिळतं का ते विचारा. तुमच्या गाडीचा प्रवास पाहता तेवढं पुरे आहे.

आता गेल्या महिन्यात जे झालं त्याबद्दल. अशा गाडीला खरा धोका अख्खी जाण्याचा कमी, तुकड्यातुकड्याने जाण्याचा जास्त. नंबर आणि गाडी दोन्ही नजरेत भरणारी, ती चालवत नेऊन चोर लपवणार कुठे? जाळी आणि व्हील कॅप मात्र पिशवीत मावतात. आणि नेमक्या याच ठिकाणी विमा तोकडा पडतो. समजा, पॅकेज पॉलिसी होती आणि गेलेल्या सामानाचं बिल १४ हजार झालं. १० वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा, बॅटरीवरही ५० टक्के. उरले ७ हजार. त्यातून सक्तीची १ हजारांची वजावट. हातात ६ हजार, आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, गेला तो वेगळाच. शिवाय मूळ जाळी मिळवायला चोर बाजारापर्यंतच्या फेऱ्या कोणी भरून देत नाही. सुट्या भागांच्या चोरीवर उपाय म्हणजे बंद दार, दुसरा नाही.

मग ते दार शेतात का नको? रात्री तिथे कोणी नसतं म्हणून. चोराला कुलूप फोडायला पाच मिनिटं मिळणार आहेत की दोन तास, यावर सगळं असतं. कॅमेरा तुम्हाला मोबाइलवर दाखवेल आणि तुम्ही गंगापूर रोडवरून निघाल. शिवाय बांधकामात घातलेले ४ लाख ८० हजार परत काढता येत नाहीत, आणि अडीच वर्षांनी गाडी नव्या इमारतीत आली की ते गॅरेज कांदे ठेवायच्या कामाचं. त्यापेक्षा ओळखीच्या वस्तीत शटरचा गाळा किंवा एखाद्या बंगल्याचं रिकामं बंद गॅरेज भाड्याने घ्या. तुम्हीच लिहिलंय की कॉलेज रोडच्या मागे एक गॅरेज महिना २,५०० ला मिळतंय. ३० महिन्यांचे ७५ हजार झाले. त्या ४ लाख ८० हजारांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३३,६०० व्याज येतं, करापूर्वी. भाडं वर्षाला ३० हजार. कर धरला तर पदरचे थोडे घालावे लागतील, पण मुद्दल जागेवर राहतं. तुमची ६ लाखांची एफडी पिकायला अजून १४ महिने आहेत; ती आधीच मोडली तर व्याजाचा दर कमी होतो, तो तोटाही टळला. भाडेकरार लेखी करा, दुसरी किल्ली कोणाकडे ते त्यात लिहा, आणि शेजारी वेल्डिंग किंवा पेंटिंगचं दुकान असेल तर ती जागा सोडा.

६८ हजारांच्या कोटेशनमधलं बहुतेक काही नको. त्यातला गिअर लॉक तर मजल्यावरच्या गिअरचा आहे. तुमच्या फियाटचा गिअर स्टिअरिंगला! कोटेशन देणाऱ्याने गाडी बघितलेलीच नाही. बॅटरीला कट-ऑफ स्विच, इग्निशन कॉइलच्या वायरमध्ये लपवलेला एक स्विच, चाकाला जाडजूड व्हील लॉक. हे सगळं कोणताही जुना इलेक्ट्रिशियन काही हजारांत करून देईल. जीपीएस घ्यायचा तर स्वतःची बॅटरी असलेला घ्या, नाहीतर महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी तोच पिऊन टाकेल. पावसाळ्यात उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून शटरखालची फटही बुजवा. चोरापेक्षा उंदीर गाडीशी जास्त छेडछाड करतात, हे जुन्या गाड्यावाल्यांना सांगायला नको. चेसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट आणि प्रत्येक काच, दिवा, मोनोग्राम यांचे फोटो घरी ठेवा. आणि गेल्या महिन्याच्या चोरीची तक्रार दिलीच नाही असं दिसतं. उशीर झाला तरी पोलीस ठाण्यात द्या. जाळी कधी बाजारात सापडली तर ती तुमची हे दाखवायला तोच कागद लागेल.

बिल्डरशी करार अजून व्हायचा आहे, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी. घरभाडं तो देणारच आहे. त्यात गाडीच्या गॅरेजचे महिना २,५०० धरायला सांगा. नव्या इमारतीत नकाशावर खूण केलेली बंद, शटर लावता येईल अशी जागा मागा. वर-खाली होणाऱ्या यांत्रिक पार्किंगमध्ये ही गाडी ठेवायला कबूल होऊ नका. सही करण्याआधी तुमची बाजू भक्कम आहे, नंतर विनवण्या कराव्या लागतील.

भावाचं म्हणणं अगदीच चूक नाही. ही गाडी गुंतवणूक नाही. ५ लाख देऊ करणारा आज फोन उचलेल की नाही तेही माहीत नाही, आणि दरवर्षी भाडं, विमा, दुरुस्ती धरून ४५-५० हजार जातील. पण वैयक्तिक वापराची मोटार विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षांनी विकलीत तरी कराच्या बाजूने काही बिघडत नाही. घाईचं कारण नाही. भावाला त्याचा अर्धा हिस्सा आजच हवा असेल तर सर्व्हेयरच्या मूल्यांकनावरून ठरवा, रॅलीतल्या गप्पांवरून नको. ते पैसे १४ महिन्यांनी ही एफडी पिकेल तेव्हा देऊ, असं त्याच्याशी लेखी ठरवा.

बिल्डरचा मसुदा हातात आला की पार्किंगचं कलम मला पाठवा.