मध्यस्थीला जा, पण यादी करून

ताई,

तुमच्या पत्रातली अडचण अशी: अडीच वर्षं तुम्ही माहेरी आहात, मुलगी नऊ वर्षांची आहे आणि घटस्फोटाचं प्रकरण कोर्टानं आता मध्यस्थीकडे पाठवलंय. भाऊ म्हणतो, ‘जाऊ नकोस, समजूत काढून परत नांदायला पाठवतील.’

भावाची माया कळते, पण तुम्ही जा. मध्यस्थ निकाल देत नाही आणि कुणाला नांदायलाही पाठवू शकत नाही. एकत्र राहण्याबद्दल तो विचारेल. तेव्हा शांतपणे ‘नाही’ म्हणा, म्हणजे बोलणं वेगळं होण्याच्या अटींवर येईल. तिथलं बोलणं गोपनीय राहतं. नाही जमलं, तर खटला पुढे चालू होतो. नवऱ्यानं कधी हात उचलला असेल, समोर बसायची धास्ती वाटत असेल, तर आधीच सांगा. मध्यस्थ दोघांशी वेगवेगळं बोलू शकतो.

मला काळजी वाटते ती पत्रातल्या शेवटच्या ओळीची: ‘मला काही नको, फक्त सुटका हवी.’ कोर्टकचेरीला विटलेल्या किती तरी बायका असं म्हणतात आणि सही करून मोकळ्या होतात. मुलीच्या शाळेची फी भरायची वेळ आली की मग पश्चात्ताप होतो. तुमच्या पोटगीचं तुम्ही ठरवा. मुलीचा खर्च हा तिचा हक्क आहे, तो तुम्ही सोडायचा नाही.

म्हणून आज रात्रीच वही काढा. ‘दागिने परत मिळावेत’ एवढं पुरत नाही. पाटल्या किती तोळ्यांच्या, मंगळसूत्र कुणाकडे, लॉकर कुणाच्या नावावर, सगळं लिहा. फी, क्लास, दवाखाना कोण भरणार आणि दरवर्षी रक्कम किती वाढणार? गणपतीत मुलगी कुणाकडे, दिवाळीत कुणाकडे? फ्लॅटच्या कर्जात तुमचं नाव असेल तर ते कसं निघणार? आणि एकमेकांवरच्या केसेस कोण, कधी मागे घेणार? माझं स्पष्ट मत आहे, तुमची तक्रार आधी मागे घेऊ नका. पैसे आणि तक्रार, दोन्ही एकाच तारखेला बांधून घ्या.

जमलं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज होतो. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालंच आहे. अर्जानंतर सहा महिने थांबायची अट आहे, पण योग्य प्रकरणात कोर्ट ती माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलंय. मात्र घटस्फोटाचा हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) होईपर्यंत नवरा संमती मागेही घेऊ शकतो. त्यामुळे डिमांड ड्राफ्ट कोर्टासमोर हातात पडेल, अशीच अट लिहून घ्या.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अटींचा मसुदा इंग्रजीत आला, तर त्यांच्याकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घ्या. सही त्यानंतरच्या तारखेला केली तरी चालते.